गिरणीपाशी डावीकडे

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनच आहे हे. जेवायला बसले तरी माझा एक पाय हलत असतो, आणि सासूबाई अजून टोकतात, पाय हलवू नये बाई, घरात लक्ष्मी टिकत नाही. लक्ष्मीचं मला माहीत नाही, पण नोकरी मात्र या पायांना शोभेल अशीच मिळाली. मी फिरती शिक्षिका आहे. गावोगावच्या साध्या शाळांमध्ये ज्या मुलांना दिसत नाही किंवा फार कमी दिसतं, त्यांच्याकडे स्कूटीवरून जायचं, ब्रेल शिकवायचं, पालकांची समजूत घालायची, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे त्या मुलांना एकट्यानं चालायला शिकवायचं.

चालायला शिकवायचं म्हणजे काय, असं मला लग्नकार्यात हमखास विचारतात. पाय तर असतात ना त्यांना? मग मी चिडते. पाय असतात, पण घरच्यांनी ते वापरू दिलेले नसतात. दहा-दहा वर्षांचं पोर कुणाच्या तरी बोटाला धरूनच जगलेलं असतं. त्याला घरापासून नळ किती लांब आहे ते ठाऊक नसतं, कारण त्याला नळावर कुणी नेलेलंच नसतं. अशा पोराच्या हातात पांढरी काठी द्यायची, मनगट कसं हलवायचं ते दाखवायचं. काठी डावीकडे गेली की उजवा पाय पुढे, उजवीकडे गेली की डावा. आधी त्यानं माझा कोपर धरून चालायचं, मग मी नुसती शेजारून चालायचं, मग मागून, मग खूप मागून.

हे शेवटचं माझ्या जिवावर येतं. खूप मागून चालायचं आणि गप बसायचं. पोर खड्ड्याच्या दिशेनं निघालं तरी काठीला खड्डा सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असा नियम. प्रशिक्षणात आमच्याच डोळ्यांना पट्टी बांधून आम्हाला चालवलं होतं, तेव्हा मी दोनदा खांबाला धडकले आणि तिसऱ्यांदा पट्टी काढून फेकली. आमचे सर म्हणाले, बाई, तुम्ही पोरांना शिकवाल ते शिकवाल, तुम्हाला कोण शिकवणार. सगळे हसले. मीही हसले, पण मनातून लागलं होतं.

ही गोष्ट एका मुलीची आहे. वडीगोद्रीच्या अलीकडचं गाव, गावाबाहेर शेतात वस्ती, आणि वस्तीवर हे एकच घर. सहावीत होती तेव्हा. जन्मापासून दिसत नव्हतं. शाळेत हुशार, पाढे तिच्यासारखे वर्गात कुणाला येत नव्हते, आणि जीभ म्हणाल तर कात्रीसारखी. पाचवीपर्यंत मोठी बहीण तिला हाताला धरून शाळेत सोडायची. त्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आई सोडायला येऊ लागली, आणि मी पहिल्यांदा वस्तीवर गेले त्या दिवशीच वडिलांनी मला सरळ सांगितलं.

“मॅडम, आता बायको येऊन राह्यली सोडाय. पण दिवाळी झाली की ती कापूस वेचणीला जाणार. मी हंगामात अंकुशनगरला साखर कारखान्यावर. मंग हिला सकाळच्याला कोण नेणार? संध्याकाळी बायको वेचणीवरून गावातूनच येती, घेऊन येईल. सकाळचं सांगा.”

“सकाळी ती एकटी जाईल,” मी म्हणाले.

“जाईल तर बिलकुल जाऊ द्या. आमची ना न्हाई. पण दिवाळीपस्तोर. न्हाई जमलं तर घरीच बरी, मंग मला म्हणू नका.”

माणूस वाईट नव्हता. त्याच्या वाडवडिलांनी मेंढरं घेऊन रानोमाळ पाय झिजवले होते. आता चार एकर रान, दावणीला दहा-बारा शेळ्या, आणि हंगामात कारखाना. पोरीवर जीव होता. पण जीव असणं वेगळं आणि पोरीला वाटेवर एकटी सोडणं वेगळं. मुलगी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. मी निघाले तेव्हा ती हळूच म्हणाली, “मॅडम, मला घरी ऱ्हायचं न्हाई. घरी शेळ्या सोडून कुणी बोलाय न्हाई.”

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

माझी गावं दोन भागांत वाटलेली. एक आठवडा घनसावंगीच्या बाजूची, तीर्थपुरीपर्यंत, आणि एक आठवडा वडीगोद्रीच्या बाजूची. म्हणजे त्या गावात मी एक आठवडा सोडून जायची, पण गेले की रोज सकाळी. शाळेची वाट सोपी होती. वस्तीवरून निघायचं, गाडरस्त्यानं दोन चाकोऱ्यांपैकी डावी धरायची, ती गावच्या गल्लीत येऊन सिमेंटला लागते. गल्ली सरळ जाते. मग पिठाची गिरणी. गिरणीपाशी डावीकडे वळलं की समोर शाळेचं लोखंडी गेट. अडचण एकच. गिरणीपाशी वळायचं चुकलं तर गल्ली पन्नास-साठ पावलांत तीर्थपुरीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला मिळते, आणि दिवाळीनंतर त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, एकामागून एक.

म्हणून मी गिरणी पक्की धरली. सकाळी गिरणी चालू असायची. पट्ट्याचा फटफट आवाज, गरम पिठाचा वास, बायकांची गडबड. गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. मी तिला सांगितलं, “आवाज समोरून येतोय तोवर सरळ. आवाज तुझ्या डाव्या कानात शिरला की काठीनं डाव्या हाताची भिंत शोध. भिंत संपली की वळ.” तिनं ते एका दिवसात उचललं. मला एवढा आनंद झाला की गिरणीवाल्याला मी वळणाचा धनी म्हणू लागले. तो पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशांतून हसायचा.

वाट सोपी, माणसं अवघड. आमच्याकडे दिसेल त्याला गाडीवर बसवायची रीत आहे. कोण कुठला, काही विचारायचं नाही, बस म्हणायचं. या पोरीला तर गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी उचलून शाळेत टाकलं होतं. एक म्हातारबा तिचा दंड धरून ओढतच निघाले, म्हणे, “मॅडम मागं मोकळ्या चालून राह्यल्या आन् आंधळ्या लेकराला पुढं घातलंय, काय माणुसकी हाय का न्हाई.” मी त्यांच्याशी भर गल्लीत भांडले. मुलीला बजावलं, “कुणाच्या गाडीवर बसायचं नाही. कुणाला वाट विचारायची नाही. तुझी वाट तुला आली पाहिजे.” आता लिहिताना वाटतं, विचारायचं नाही हे मी कशाला म्हणाले? पण तेव्हा माझ्या नाकावर राग होता, आणि कुणी कीव केली की मला खपत नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस मी वस्तीवर गेले तर मुलीच्या दप्तराला घुंगरू. छोटं नाही, शेळीच्या गळ्यात बांधतात ते चांगलं खणखणीत. वडिलांनी बांधलं होतं. कळपातलं जनावर पुढं गेलं, झुडपाआड झालं, तरी घुंगराच्या आवाजावरून कळतं कुठं आहे ते. त्याच्या हिशेबानं पोरगी वाटेला लागली की आईला घरातून कळेल कुठवर पोचली. त्याला वाटलं होतं मी खूश होईन.

“शेळी आहे का ती?” मी म्हणाले.

त्याचं तोंड उतरलं. मग मी समजावून सांगितलं, की तिला बाकी सगळं ऐकायचं असतं, कुत्रं, सायकल, गिरणी, आणि स्वतःच्याच पाठीवर खळखळाट चालू असला तर तिला जग ऐकू कसं येणार. मी स्वतः गाठ सोडली. तो खाली बघून म्हणाला, “आमाला जे येतं तेच करणार की मॅडम.” मला वाईट वाटलं, पण घुंगरू मी परत बांधू दिलं नाही.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मुलगी पुढे, मी वीस पावलं मागे. एकदाही वळण चुकली नाही. पाऊस असो, चिखल असो, गल्लीत कुणाची बैलगाडी आडवी असो, काठी टकटक करत जायची आणि गिरणीपाशी डावीकडे. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, अशी मुलगी मी पाहिली नाही. तो म्हणायचा, दृष्ट लागेल, गप बस.

दिवाळीची सुट्टी संपत आली आणि वडिलांनी परीक्षेचा दिवस ठरवला, शाळा उघडेल तो सोमवार. ते शाळेच्या गेटवर थांबणार, आई घरून वाटेला लावणार, मुलगी एकटी येणार. पोचली तर मंगळवारपासून आई वेचणीला. माझा तो आठवडा घनसावंगीच्या बाजूचा होता, पण मी वरिष्ठांना सांगून आले. नियमाप्रमाणे मी मागून चालणार, फक्त या वेळी तीस पावलं.

गाडरस्ता छान झाला. गल्ली लागली. आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पट्ट्याचा फटफट आवाज आलाच नाही. गिरणी बंद होती.

आठवडा रातच्या लाईटीचा होता. माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरीला हे कुणी सांगायला लागू नये. थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि गिरणी चालते थ्री फेजवर. आमच्या माहेरी विहिरीवरच्या मोटारीची पाळी बघून पाहुण्यांना बोलवायचे. आणि मी? मी एक आठवडा सोडून येत होते, नेमकी दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात येत होते, आणि निम्मे दिवस मुकी असणारी गिरणी पोरीला खूण म्हणून देऊन बसले होते. माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मुलगी चालत होती. काठी टकटक, टकटक. ती गिरणीच्या बंद शटरपाशी आली. भिंत संपली. ती वळली नाही, सरळ पुढे निघाली. माझे पाय जागच्या जागी थिजले. ओरडायचं नव्हतं, पण ओठ उघडले होते.

ती तीन पावलं गेली आणि थांबली. मान थोडी तिरकी केली. मग वळून मागे आली, काठीनं भिंतीची कड शोधली आणि डावीकडे वळली.

मी रडले की हसले मला आठवत नाही. मी पोचेपर्यंत वडील गेटवर पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत उभे होते. “बराबर आली की मॅडम. जल्दी बी आली. जाऊ द्या आता, उद्यापून एकटी.” आणि मोटारसायकलला किक मारून ते कारखान्याकडे गेले सुद्धा.

मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात गाठलं. कौतुक करायचं होतं. “गिरणी बंद होती, मग तुला कळलं कसं गं?”

“गिरणी तर एक आठवडा बंदच असती सकाळी,” ती म्हणाली. “आईसंग येते तवा मला म्हाईत व्हतं.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही लई खूश व्हत्या ना गिरणीवर.”

“अगं, पण मग वळलीस कशी?”

तिनं डबा उघडत सांगितलं, जणू त्यात सांगण्यासारखं काही नाही. “तुमची चप्पल थांबली की. मी चुकले की तुमची चप्पल थांबती. कुत्रं आलं की जल्दी जल्दी वाजती. नीट चालले की एकसारखी वाजती. मी तेच ऐकते.”

मी तिच्या शेजारी खालीच बसले. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ती एकदाही एकटी चालली नव्हती. मी एक शब्द बोलले नव्हते आणि सगळी वाट मीच सांगत होते. बापाचं घुंगरू सोडून टाकलं आणि स्वतः घुंगरू होऊन पोरीमागे वाजत राहिले. त्याला निदान माहीत तरी होतं की आपण घुंगरू बांधलंय.

“आणि मी नसते तर?” मी विचारलं.

“तर पुढं गेले असते.”

“पुढं डांबरी आहे.”

“डांबरीच्या आधी खडी हाय. काठीला कळती खडी.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला. “तुमची चप्पल असली की मी दुसरं काय ऐकतच न्हाई मॅडम. काय गरज?”

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. वडिलांना फोन करायचा आणि सांगायचं, पास झाली ते खोटं होतं, उद्या सोडू नका. हेच बरोबर होतं. तीनदा मोबाईल हातात घेतला. पण मला त्या माणसाचं उत्तर पाठ होतं. तो ओरडला नसता, भांडला नसता, नुसता म्हणाला असता, मंग ऱ्हाऊ द्या मॅडम, घरीच बरी. आणि त्या ‘ऱ्हाऊ द्या’मधून पोरगी परत कधी बाहेर आली नसती. दुसरीकडे मला उसाच्या ट्रॉल्या दिसत होत्या. मी फोन केला नाही. हे मी चांगलं केलं असं मी आजही म्हणत नाही. काही झालं असतं तर मी या गावातच काय, कुठल्याच गावात तोंड दाखवू शकले नसते.

मंगळवारी सकाळी मी तिच्या आधी गिरणीपाशी जाऊन उभी राहिले. चपला काढून गिरणीच्या पायरीखाली सारल्या. गिरणीवाला ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याला मी आधीच सांगून ठेवलं, पोरगी येईल, काही झालं तरी हाक मारायची नाही. तो म्हणाला, “आन् ट्रॅक्टर आला तर?” मी म्हणाले, तर मी पळेन. पळायचंच मला येतं.

काठी ऐकू आली. मग ती दिसली, गल्लीच्या मधोमध, दप्तर एका खांद्यावर. शटरपाशी आली. भिंत संपली. ती वळली नाही.

तीन पावलं, पाच, दहा. काल थांबली होती तिथं आज ती थांबली नाही, कारण आज थांबायला सांगणारं मागे कुणी नव्हतं. ती माझ्यापासून दूर डांबरीकडे चालली होती आणि डांबरीवर ट्रॅक्टरची घरघर वाढत होती. गिरणीवाला उठून उभा राहिला. “मॅडम, हाक मारू का?” त्यानं कुजबुजत विचारलं. मी मानेनंच नको म्हटलं. पण मी आधीच गल्लीत उतरले होते. अनवाणी चार पावलं गेलेही होते.

काठी खडीला लागली. ती थांबली.

ट्रॅक्टर गेला. मग पहिली ट्रॉली, मग दुसरी. तिची ओढणी वाऱ्यानं फडफडली. ती जागची हलली नाही. नंतर खूप वेळ काहीच झालं नाही, म्हणजे मला खूप वाटला, दोन मिनिटंही नसेल. ती मान इकडे करून ऐकायची, तिकडे करून ऐकायची. कुणीतरी मोटारसायकलवाला डांबरीवरून आत वळला आणि तिच्यापाशी थांबला.

“कुठं चालली गं? शाळेत ना? बस, सोडतो.”

“नको,” ती म्हणाली. “गिरणी कुठं ऱ्हायली तेवढं सांगा.”

“मागं की. चांगली मागं ऱ्हायली.”

“उजव्या हाताला का डाव्या?”

“आता तू माघारी फिरली की उजव्या हाताला.”

मी बजावलं होतं विचारायचं नाही म्हणून. तिनं विचारलं, आणि गाडीवर बसली नाही. ती फिरली, काठी आता उजव्या भिंतीला लावली आणि परत येऊ लागली. तो गडी क्षणभर बघत राहिला आणि गाडी काढून निघून गेला.

मी गल्लीत उतरले होते ते तशीच उभी होते, नेमकी त्या उजव्या भिंतीच्या कडेला. बाजूला व्हायचं सुचलं नाही. ती येत होती आणि मी बघत होते, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, रागावलेली होती ती, स्वतःवरच. भिंत संपायला दोन पावलं असताना तिची काठी माझ्या उघड्या पायाला लागली. एकदा, परत एकदा, हे काय आहे ते बघायला. मी श्वास धरून ठेवला.

“ओ मावशी,” ती म्हणाली, “सरका की जरा. वाटंत उभं ऱ्हाऊन राह्यलाव.”

सहा महिन्यांत ती मला मॅडम सोडून काही म्हणाली नव्हती. मी सरकले. ती माझ्या हाताला ओढणी घासत पुढे गेली, कड सापडल्यावर वळली, आणि थोड्या वेळानं शाळेच्या गेटची कडी वाजली. गिरणीवाल्यानं पायरीखालच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी त्या घातल्या नाहीत. ती वर्गात जाऊन बसेपर्यंत मी तिथंच, एका जागी उभी राहिले.